काकाचा तिसरा हात

बोट ठेवायची की विकायची, हे त्या वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी ठरणार होतं. काकाने तसा शब्द देऊन टाकला होता, आणि तोही कुणाला, तर एका मॅरेज गार्डनच्या मालकाला.

त्या माणसाला बोट पाण्यात नको होती. त्याला ती हिरवळीवर हवी होती. हिरवळ प्लास्टिकची, खाली निळे दिवे, डोलकाठीला झेंडूच्या माळा, आणि नवरानवरी शिडाला टेकून उभी. तो जयेंद्रगंजात काकाच्या घरी दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा त्याने काकूच्या हातचा चिवडा खाल्ला आणि तेच सांगितलं, "मास्साब, देवउठान से शादियों का सीज़न है. फोटो पॉइंट बनाना है. आपकी नाव की इज्जत ही बढ़ेगी." काकाने आयुष्यभर एका तांत्रिक शाळेत फिटरचं काम शिकवलं, त्यामुळे अर्ध्या लष्कर भागासाठी तो मास्साबच होता. इज्जत वाढवण्याची ही व्याख्या ऐकून मी चहाचा कप इतक्या जोरात ठेवला की बशीला तडा गेला. तेवीस वर्षांची होते, मोर्च्यांमध्ये जात असे. आज लिहितानाही तो कप तसाच ठेवावासा वाटतो.

ग्वाल्हेरात शिडाची बोट कशाला, हा प्रश्न आम्हाला सगळ्यांनी विचारून झालाय. गल्लीने, नातेवाइकांनी, पुण्याहून आलेल्या जावयाने. काकाचं उत्तर ठरलेलं असे, "तिघऱ्याच्या धरणाला पाणी आहे ना? वारा आहे ना? मग समुद्राचं काय लोणचं घालायचंय?" कॉलेजात असताना नौदलाच्या छात्रतुकडीत तो वल्ही आणि शीड शिकला होता. मग नोकरी, लग्न, दोन मुलींची शिक्षणं, या सगळ्यात चाळीस वर्षं गेली. तो निवृत्त झाला त्याच वर्षी भोपाळच्या तलावावरून एक बोटही निवृत्त झाली, आणि ती त्याने आणली. अठरा फुटांची, फायबरची, पुढे एक बुटकी केबिन, जिच्यात एक माणूस आणि एक जेवणाचा डबा मावे. गल्लीत ती तीन वर्षं विटांवर उभी होती. ऑटोवाले आरसे दुमडून बाजूने निघत आणि विचारत, "काका, जहाज कब छूटेगा?" काका तिला यॉट म्हणे. गल्ली जहाज म्हणे. काकू नुसतं 'ती' म्हणे. "आज तिच्याकडे जाणार आहात की घरी जेवणार?"

शेवटी ती पाण्यात उतरली. दोन वर्षं काका दर रविवारी, आणि काकूला न सांगता कधी बुधवारीही, तिघऱ्याला जात राहिला. मी सोबत असले की मला शिडाची दोरी धरायला देई आणि स्वतः सुकाणूचा दांडा धरी. बोलणं फारसं नसे. "ढील दे." "ओढ." "बघ, कशी गप्प झाली." बोट नीट चालायला लागली की आवाज कमी होतो, हे मला त्या पाण्यावर समजलं. तोवर मला वाटायचं की जे काही नीट चाललंय ते मोठ्यानेच चालत असणार.

मग त्याचा डावा हात थरथरायला लागला. आधी कप, मग शर्टाची बटणं. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण हे जाणार नाही, वाढेल. काकाने घरी येऊन एकच हिशेब मांडला. शिडाच्या बोटीत एकटा माणूस असला तर त्याला दोन हात लागतात, एक दांड्यावर आणि एक दोरीवर. त्याच्याकडे आता एकच होता. थरथरत्या हाताने दांडा धरला की बोट तशीच थरथरत जायची, आणि दोरी तर त्या हातातून सुटूनच जायची.

"मी येत जाईन ना तुझ्याबरोबर," मी म्हणाले.

"येशील. मोर्चा नसेल तेव्हा."

"काका, तू टोमणे नको मारूस."

"टोमणा नाही गं. पण मला न्यायला माणूस लागणार असेल तर ती बोट नाही, डोली आहे. डोलीत बसायला मला अजून वेळ आहे."

म्हणून ऑटोपायलट आला, आणि तो चालला नाही तर बोट गार्डनवाल्याची, असं काकाने ठरवलं. शब्द मोठा आहे, वस्तू साधी आहे. एक मोटर असते, तिच्यातून हातभर लांबीची सळई आतबाहेर होते आणि सुकाणूचा दांडा ढकलते किंवा ओढते. एक बटणांचा डबा असतो. आणि एक होकायंत्राची डबी असते, ती बोटीचं तोंड कुठे आहे ते सांगत राहते. तोंड भलतीकडे वळलं की डबी कळवते, डबा ठरवतो, सळई दांडा हलवते. काकाला दोरीसाठी उजवा हात मोकळा. काकूने पहिल्या दिवशीच त्याला ठोंब्या म्हणायला सुरुवात केली.

तो मुंबईच्या भंगारातून आला, नया बाज़ारातल्या एका मिस्त्रीच्या ओळखीने. त्याचं दुकान म्हणजे दोन दुकानांमधली फट. इन्व्हर्टर आणि ई-रिक्षाचे कंट्रोलर दुरुस्त करणारा माणूस, सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. समुद्र त्यानेही पाहिला नव्हता. त्याने ते यंत्र उघडलं, भिंग डोळ्याला लावलं, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मास्साब, ये तो ई-रिक्शा का छोटा भाई निकला." दोन आठवड्यांत त्याने आतल्या पट्टीवरचे जळलेले भाग बदलून मोटर फिरवून दाखवली. काकाने ती सळई पुढे आलेली पाहिली आणि नकळत डावा हात खिशात घातला.

बसवण्याचं काम आम्ही दोघांनी केलं. दांड्यावर खुंटी कुठे बसवायची त्याचं माप ठरलेलं असतं, सुकाणूच्या आसापासून दीड फूट, त्यात बोटभराची चूक चालत नाही. सळई पाण्याशी समांतर हवी आणि दांडा मधोमध असताना त्याच्याशी काटकोनात. साच्यासाठी जाड पुठ्ठा पाहिजे होता. माझ्याकडे मोर्च्याचे फलक पडलेले होते. 'नळाला पाणी द्या' यातला 'पाणी' कापून काकाने मोटरच्या बैठकीचा साचा केला. पेन्सिल मी धरली, कारण रेघ त्याच्याच्याने सरळ येत नव्हती. ड्रिल मात्र त्याने मला दिलं नाही. डावा हात मांडीखाली घेऊन, शिक्षा केल्यासारखा त्याच्यावर बसून, त्याने उजव्या हाताने सहाच्या सहा भोकं पाडली. शेवटचं भोक पडल्यावर तो मांडीखालचा हात काढून त्याच्याकडे बघून म्हणाला, "बघ, तू नसतास तरी झालं असतं." तो माझ्याशी बोलत नव्हता.

होकायंत्राची डबी डाव्या बाकाखालच्या कप्प्यात, खाली, बॅटरीपासून लांब बसवली. उस्तादने बजावलं होतं, "लोहे से दूर. दिशा वाली डिब्बी को लोहा बहका देता है." स्क्रूसुद्धा पितळेचे त्यानेच दिले. एवढी काळजी घेतली होती आम्ही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं त्यात गाढवपणा आमचा होता, पण निष्काळजीपणा नव्हता.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रांची पूजा असते. शस्त्रं म्हणजे काय, आमचे पूर्वज दख्खनेतून शिपाई म्हणून इकडे आले, त्यांचं आता एक वीतभर भाल्याचं पातं उरलंय. त्याचा दांडा कित्येक वर्षं गच्चीत कपडे वाळत घालायला होता, मग मोडला. पात्यासोबत काकाची हत्यारं पूजेला बसतात, पाने, कानस, व्हर्नियर. त्या वर्षी काकूने फर्मान काढलं, "ठोंब्याची पहिली नवमी आहे. पूजा तिकडेच होईल." मग ताट, झेंडू, नारळ, हळदकुंकू, लाल फडक्यातलं पातं, सगळं ऑटोत घालून आम्ही तिघऱ्याला. बोटीवर ताट मांडलं. बोट जराशी कलली, तशी पातं घसरलं आणि पाण्यात जाता जाता काकूने पदराने अडवलं.

"आत ठेवते याला," ती म्हणाली, आणि तिने ते डाव्या बाकाखालच्या कप्प्यात सरकवून दिलं. "नमस्कार काय, तिथपर्यंत पोचतो."

कुणालाही काही खटकलं नाही. काकाला नाही, मला नाही. पातं म्हणजे लोखंड, हे आम्हाला माहीतच नव्हतं असं म्हणा. ते पातं होतं.

दुपारी उस्ताद आला. ऑटोपायलटला दिशा शिकवावी लागते. दोन बटणं दाबून ठेवायची आणि बोट अगदी हळू गोल फिरवायची, म्हणजे डबी आजूबाजूचं जे काही असेल ते लक्षात घेऊन स्वतःला जुळवून घेते. जुळलं की डबा वाजतो. शिडाने असं गोल फिरता येत नाही, वल्हवावं लागतं. वल्ही माझ्या हातात आली.

"एक चक्कर, दो मिनट," उस्ताद म्हणाला.

"मोर्च्यात उन्हात चालतेस ना," काका म्हणाला, "मग ओढ आता."

तिसऱ्या चकरेला डबा वाजला. काकाने शीड चढवलं, बोटीचं तोंड पलीकडच्या काठावरच्या पांढऱ्या पंपघराकडे केलं आणि बटण दाबलं. सळई घुर्र करून पुढे आली, थोडी मागे गेली, थांबली. आणि बोट निघाली. सरळ. मी मागे पाण्यावरची रेघ बघत होते, पट्टीने ओढल्यासारखी. काकाच्या उजव्या हातात दोरी होती आणि डावा हात गुडघ्यावर नुसता थरथरत पडला होता, त्याला काही काम नव्हतं. परत येतानाही तसंच. उस्तादने काठावर टाळ्या वाजवल्या, पेढा घेतला आणि मिळेल त्या टेम्पोने शहरात गेला.

दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं म्हणून आणलेली आपट्याची पहिली पानं आमच्याकडे पात्याला वाहतात, म्हणून सकाळी मीच स्कूटीवर जाऊन कप्प्यातून ते लाल फडकं काढून घरी आणलं. मीच. काकूने ते कपाटात त्याच्या जागी ठेवलं.

दसऱ्यानंतर आम्ही गेलो, तर बोट बिघडली होती. पंपघराकडे ती कशीबशी गेली, पण नाक सारखं उजवीकडे. परत वळवली तर नागमोडी. सळई पूर्ण बाहेर येई, बोट वळे, सळई पूर्ण आत जाई, बोट उलटी वळे. शीड फडफडायचं. काकाने वही काढली. ऑटोपायलटवर दोन आकडे बदलता येतात. एक म्हणजे चूक दिसली की दांडा किती जोराने ढकलायचा, दुसरा म्हणजे किती चूक चालवून घ्यायची. काकाने वहीत रकाने केले होते, जोर आणि सूट. जोर सहा, सूट एक, सापासारखी. जोर तीन, सूट एक, आळशी आणि तरी सापासारखी. जोर तीन, सूट चार, आता साप मोठा. दोन दिवस आम्ही हेच केलं. प्रत्येक आकड्यानंतर त्याचं अक्षर जास्त वाकडं होत गेलं.

शुक्रवारी संध्याकाळी शीड गुंडाळताना तो म्हणाला, "गार्डनमध्ये निदान ऊन लागणार नाही तिला. वर मांडव असतो."

मला हे सहन झालं नाही. एखादं माणूस स्वतःची समजूत घालताना दिसलं की माझं डोकं फिरतं, आणि मग मला जबाबदार शोधावा लागतो. जबाबदार नया बाज़ारात होता. दुरुस्ती त्याची, जुळवणी त्याच्यासमोर, नवमीला चाललं आणि दोन दिवसांत बंद, म्हणजे आत जुना माल भरला असणार. मला पत्रक लिहायला वीस मिनिटं लागतात. वर मथळा, खाली तीन मुद्दे, शेवटी मागणी, असंच मी शिकले होते. हिंदीत लिहिलं, 'नया बाज़ार में बुज़ुर्गों से धोखा'. दुकानाचं नाव घातलं नाही, हा माझा प्रामाणिकपणा. पण त्या गल्लीत इन्व्हर्टर दुरुस्त करणारं दुकान एकच होतं. शनिवारी सकाळी दुकानं उघडण्याआधी मी चार खांबांवर खळीने पत्रकं चिकटवली, आणि उरलेली चहावाल्याकडे ठेवली. काकाला विचारलं नाही. मला तेव्हा वाटायचं, ज्याच्या बाजूने आपण लढतो त्याला विचारत बसलं तर लढाच होत नाही.

रविवार उजाडला. गार्डनवाला अकराला ट्रेलर घेऊन येणार होता. आम्ही आठलाच तिघऱ्याला पोचलो. काकू दुसऱ्यांदाच तिथे येत होती. साड्यांना फॉल लावून देण्याचं ती काम करायची, तीच पिशवी घेऊन बाभळीखाली सतरंजी टाकून बसली. म्हणाली, "तिला निरोप द्यायला आलेय. रिकाम्या हाताने बसवत नाही."

थोड्या वेळाने रस्त्यावर एक ऑटो थांबला आणि त्यातून उस्ताद उतरला. खांद्याला मीटरची पिशवी, शर्टाच्या खिशात घडी केलेला कागद. मी तो कागद लांबूनच ओळखला.

"लिखती अच्छा हो, बिटिया," तो जवळ येऊन म्हणाला. "चाय वाले ने दो बार पढ़वाया."

काकाने हात पुढे केला. उस्तादने कागद दिला. काकाने तो पूर्ण वाचला, मागणीसकट. मग त्याने चष्मा काढला.

"मशीन उघडून बघितलंस?"

"नाही."

"वायर?"

"नाही, पण काका, सरळ आहे ना—"

"मग तू तपासलंस काय?"

माझ्याकडे तीन मुद्दे होते, आणि तिन्ही एकाच संशयाचे होते.

उस्ताद एव्हाना बोटीत चढून बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही, रागाने नव्हे, कामात होता म्हणून. मोटर फिरवली, सळई मोजली, प्रत्येक वायरला मीटर लावला. अर्ध्या तासाने म्हणाला, "सब ठीक है, मास्साब. मशीन वही है. तो सवाल ये है कि उस दिन में और आज में फरक क्या है?"

काका लगेच शाळेतला मास्तर झाला. बोटांवर मोजायला लागला. वारा तेवढाच. बॅटरी भरलेली. माणसं तीच. फुलं काढली. नारळ फोडला. ताट घरी नेलं.

बाभळीखालून काकूची कुरकुर आली. तिच्या मांडीवरची टाचण्यांची डबी कलंडून गवतात सांडली होती. "आता या गवतात कशा शोधू मी? पातं असतं तर एका मिनिटात वेचल्या असत्या."

"कसलं पातं?" मी विचारलं.

"आपलं गं, भाल्याचं. फॉल लावताना टाचण्या खाली पडल्या की मी तेच फिरवते. सगळ्या येऊन चिकटतात."

काका मोजायचा थांबला.

"शस्त्राने टाचण्या वेचतेस तू?" काका म्हणाला.

"नमस्कार करून वेचते."

"चिकटतात कधीपासून?"

"आता काय सांगू. तुमचा मोठा रेडिओ बंद पडला ना, कपाटात टाकलाय तो, त्याच्या भोंग्याला टेकूनच ते पातं असतं. दहाबारा वर्षं झाली असतील. त्याआधी नव्हत्या चिकटत."

काकाने उस्तादला एका वाक्यात सांगितलं, की नवमीच्या दिवशी हा वीतभर लोहचुंबक नेमका डबीशेजारी होता. उस्तादने कपाळावर हात मारला आणि मग हसायला लागला, इतका की त्याला बाक धरावं लागलं. "यानी हमने दिशा भाले को देखकर सिखाई. और फिर भाला ही उठा ले गए."

"मी नेलं," मी म्हणाले.

"हे पण लिही," काका म्हणाला. "चौथा मुद्दा."

मग तो काकूला म्हणाला, "ते पातं इथेच ठेवलं तर? कप्प्यात, कायमचं. एकदा जुळलेलंच आहे."

"अजिबात नाही. दसऱ्याचं सोनं कुणाला वाहू, रेडिओला?" काकूने दातात धागा तोडला. "आणि मला फॉलही लावायचे असतात. तुमच्या ठोंब्याला पुन्हा शिकवा, बिघडलं काय त्यात."

म्हणून मी पुन्हा वल्ही घेतली. साडेदहा वाजून गेले होते. बटणं दाबली, फिरायला लागले. पहिली चक्कर फुकट गेली, डबा वाजला नाही. दुसरीही. मला रस्त्यावर लक्ष ठेवायचं होतं, ट्रेलर कधी दिसतो म्हणून, आणि रस्त्याकडे पाहिलं की हात आपोआप जोरात चालायचे.

"परचा नहीं बाँट रही हो, बिटिया," उस्ताद म्हणाला. "धीरे."

मी डोळे मिटले. वल्हं पाण्यात ठेवायचं, ओढायचं, थांबायचं. तळहाताचे फोड फुटले होते. आयुष्यात मी इतकं हळू काहीही केलं नव्हतं. ट्रेलरचा आवाज आला तेव्हा आम्ही अर्ध्या गोलावर होतो. गार्डनवाला काठावर उतरला, हातात मोजपट्टी.

"मास्साब, नाव को घुमा क्यों रहे हो?"

"सिखा रहे हैं," काकाने ओरडून सांगितलं.

"मेरे यहाँ तो इसको बस खड़ा रहना है, मास्साब. उतना तो आता होगा."

मी हात जोरात चालवले नाहीत. याचा मला अजून अभिमान आहे. चौथ्या चकरेच्या शेवटी डबा वाजला.

आम्ही काठाला आलो. उस्ताद उतरला. मी उतरले. काका उतरला नाही. त्याने वहीत बघून आकडे घातले, जोर चार, सूट दोन, शीड चढवलं आणि गार्डनवाल्याला म्हणाला, "भैया, पंपघर तक जाकर आता हूँ. बीच में हाथ लगाना पड़ा तो नाव तुम्हारी."

अकराचा वारा सुटला होता. बोट निघाली. जाताना ती नीट जाईल, एवढी मला खात्री होती, जाताना ती नेहमीच बरी जायची. पंपघरापाशी ती वळली आणि मी काठावर पुढे सरकले, कारण साप व्हायची ती परतीच्या वाटेवर. शीड एकदा फडफडलं, भरलं. काकू शिवत होती, पण सुई एकाच जागी होती. बोट आमच्याकडे यायला लागली. येत राहिली. मागची रेघ मला काठावरून दिसत नव्हती, पण डोलकाठी दिसत होती, आणि डोलकाठी पंपघराच्या भिंतीवरून जराही सरकत नव्हती.

हाकेच्या अंतरावर आल्यावर मी दोरी झेलायला पुढे झाले. काकाने आमच्याकडे पाहिलं, बटणं दाबली, आणि बोट वळून पुन्हा पंपघराकडे निघाली.

गार्डनवाला थोडा वेळ थांबला. चहा प्याला. बोट पुन्हा आली आणि पुन्हा गेली.

"भाभीजी," तो म्हणाला, "मास्साब तो रुक ही नहीं रहे."

"हाथ खाली है उनका, भैया," काकू म्हणाली. "अब क्यों रुकेंगे."

तेव्हा मध्यावरून काकाने हात वर केला. डावा. तो नेहमीसारखाच थरथरत होता, पण इतक्या लांबून ते कुणाला कळणार. माणूस हात हलवतोय, एवढंच दिसत होतं. गार्डनवाल्यानेही हात हलवला, आणि मोजपट्टी खिशात घालून रिकामा ट्रेलर घेऊन गेला.

दुपारी मी बादली आणि खराटा घेऊन नया बाज़ारात खांब घासत होते. खळ माझीच, घट्ट झालेली, निघेना. उस्ताद दुकानाच्या फटीतून बघत होता. मी म्हणाले, माफीचं पत्रक छापते, इथेच लावते. तो म्हणाला, "छाप लो. पर तीन मुद्दे मत लिखना. एक ही है." मी एका ओळीचं पत्रक छापलं. त्यानंतर मी पुष्कळ पत्रकं लिहिली आहेत, त्यातली बरीच अजूनही तिखट असतात, आणि असायलाच हवीत. पण लिहिण्याआधी मशीन उघडून बघते.

काका पुढे पाच वर्षं एकटा बोट चालवत राहिला. नवमीची पूजा तिघऱ्यालाच होई, पण काठावर, पातं सतरंजीवर आणि बोट वीस पावलं लांब. आता काका नाही. बोट माझ्याकडे आहे. वहीत जोर चार, सूट दोन लिहिलंय, त्याला मी हात लावलेला नाही. माझे दोन्ही हात धड आहेत, तरी मी बटण दाबते आणि ठोंब्याला दांडा देते. घुर्र आवाज आला की शेजारी कुणीतरी "बघ, कशी गप्प झाली" म्हणेल असं वाटतं, आणि मग ती खरोखरच गप्प होते.

त्या गार्डनमध्ये नंतर, काका असतानाच, सिमेंटची बोट बांधली. चुलतबहिणीचं लग्न तिथेच झालं, नाइलाज होता. खाली निळे दिवे, आणि सुकाणू पुढच्या टोकाला, जिकडे ते जगातल्या कुठल्याही बोटीत नसतं. मी तिथल्या तिथे मालकाला सुनवायला निघाले होते. काकाने मला अडवलं, त्या सिमेंटच्या बोटीत चढला, पुढे जाऊन सुकाणूचा दांडा डाव्या हाताने धरला आणि म्हणाला, "काढ फोटो. हिला ऑटोपायलट नको बघ. अगदी सरळ आहे."

त्या फोटोत दिवे, माळा, काकाचा फेटा, सगळं स्पष्ट आलंय. फक्त डावा हात धूसर आहे. तो फोटो मी आमच्या बोटीच्या केबिनमध्ये लावलाय, उस्तादकडून आणलेल्या पितळी स्क्रूंनी.